धारावी बेटावरचा पंखा : उत्तन-भाईंदरच्या नौका आणि प्रोपेलरची निवड

मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे उत्तन, पाली, चौक, डोंगरी, राई, मुर्धे आणि मोर्वा या गावांचा पट्टा, जुन्या कागदपत्रांत धारावी बेट या नावाने येतो. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला गोराई-मनोरीची सलग जमीन आणि पूर्वेला मिठागरांचा खाजण प्रदेश अशी त्याची चतुःसीमा असून, खाडीच्या मुखावर नजर ठेवता येत असल्यामुळेच चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत चौक येथील धारावीच्या किल्ल्यासाठी निकराची झुंज झाली. मार्च १७३९ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला आणि मे महिन्यात वसईच्या किल्ल्याने शरणागती पत्करली. बेटाच्या पश्चिम काठावरचा कोळी समाज, ज्यातला मोठा भाग पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती आहे, त्या मोहिमेच्या आधीपासून मासेमारी करत आला आहे, आणि १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर रेल्वेच्या बाजूने उंच इमारतींची वस्ती वाढत गेली तरी उत्तन, पाली आणि चौक येथील बंदरांचा दिवस अजून भरती-ओहोटीच्याच हिशेबाने उगवतो.

या किनाऱ्यावरच्या नौकांना गेल्या सत्तर वर्षांत इंजिने कशी बसली, त्यासाठी कर्जे आणि अनुदाने कशी दिली गेली, याविषयी सरकारी अहवालांत आणि मत्स्यव्यवसायाच्या पुस्तकांत बरेच लिहिले गेले आहे. इंजिनाची शक्ती पाण्यापर्यंत पोहोचवणारा जो प्रोपेलर, ज्याला बंदरावर सरळ पंखा म्हणतात, तो मात्र त्या लिखाणात इंजिनाचे उपांग म्हणूनच येतो. हे दुर्लक्ष समजण्यासारखे असले तरी योग्य नाही. इंजिनाची अश्वशक्ती कागदावर कितीही असो, तिच्यातला किती हिस्सा नौकेला पुढे रेटण्याच्या कामी येतो हे पंख्याच्या मापांवर ठरते, आणि दोन पंख्यांतला कोणता चांगला या प्रश्नाला, नौकेने कोणते काम करायचे आहे हे आधी ठरल्याशिवाय, उत्तर देता येत नाही. धारावी बेटाच्या किनाऱ्यावर हे काम पुन्हा पुन्हा बदलत गेले आणि त्याच्या मागोमाग पंख्याची निवडही.

इंजिनापूर्वीच्या काळात येथील मुख्य मासेमारी डोलीची होती आणि आजही ती मोठ्या प्रमाणावर आहे. डोल म्हणजे नरसाळ्याच्या आकाराची लांबच लांब पिशवी. तिचे तोंड समुद्रतळाशी पक्क्या रोवलेल्या खुंटांना दोरांनी बांधलेले असते आणि भरतीचे किंवा ओहोटीचे पाणी त्या तोंडातून वेगाने आत शिरून बोंबील, करंदी, मांदेली, जवळा यांना शेपटाकडच्या बारीक जाळीत ढकलत नेते. जाळे जागचे हलत नाही, पाणी हलते. त्यामुळे डोलीला उधाणाचे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे जोराचे प्रवाह लागतात. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, पाणी मंदावते आणि डोलीत फारसे काही लागत नाही. प्रवाह थांबून उलटण्यापूर्वीच्या थोड्या अवधीत डोल उचलून रिकामी करावी लागते. तेव्हा तांडेलाचे, म्हणजे नौकेच्या प्रमुखाचे, खरे कौशल्य वेगाने जाण्यात नव्हते, तर पाणी फिरण्याच्या घटकेला नेमके खुंटापाशी असण्यात होते, आणि शीड, वल्हे व ओहोटीचा ओघ या तिन्हींची सांगड घालून तो ती वेळ साधत असे. वारा पडला तर मासे घेऊन परतणारी नौका भरतीची वाट पाहत समुद्रातच तिष्ठत राही. १८६४ च्या सुमारास वसईच्या खाडीवरून बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे मुंबईपर्यंत आल्यावर ताज्या मासळीला मोठी बाजारपेठ जवळ आली खरी, पण बंदरापर्यंतचा मधला उशीर काही रेल्वेने भरून निघणारा नव्हता.

मुंबईच्या उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या नौका, विशेषतः वर्सोव्याच्या धर्तीचा रुंद मचवा आणि सातपाटीच्या धर्तीचे गलबत, भारतीय नौकांच्या अभ्यासात फार पूर्वीपासून नावाजलेल्या आहेत. जेम्स हॉर्नेल याने भारतीय नौकांच्या बांधणीवर १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर पश्चिम किनाऱ्याच्या या परंपरेकडे जाणकारांचे लक्ष वेधले गेले. पूर्व किनाऱ्यावरचा ओंडके बांधून केलेला कट्टुमरम किंवा दोराने शिवलेली मसुला होडी यांत जड इंजिन बसवणे जवळजवळ अशक्य होते, उलट इकडच्या नौकांना सागवानाच्या फळ्यांचे भक्कम अंग, आतून वाकांचा, म्हणजे बरगड्यांसारख्या लाकडांचा, आधार आणि खाली पठाण, म्हणजे नौकेचा कणा असलेले लांब तुळईवजा लाकूड, हे सगळे आधीपासूनच होते. अडचण एकच होती आणि ती पिछाडीला होती. पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर काढण्यासाठी मागच्या उभ्या लाकडाला आरपार भोक पाडावे लागे, त्यात पितळी नळी आणि बुश बसवावे लागत, आणि सुकाणू व ते लाकूड यांच्या मधल्या जागेत पंखा मोकळा फिरेल एवढी पोकळी ठेवावी लागे. ही पोकळी सुताराने शिडाच्या नौकेच्या सवयीने लहान ठेवली की पुढे वीस-वीस वर्षे त्या नौकेला मोठा पंखा बसतच नसे. पंख्याच्या निवडीवर सर्वांत आधी मर्यादा घातली ती सुताराच्या करवतीने, हे पुस्तकांत क्वचितच नोंदले जाते.

पंखा ही कल्पना मात्र या नौकांना इंजिने बसू लागली तेव्हा शंभर वर्षांची झालेली होती. आगबोटींच्या पहिल्या पिढीला दोन्ही बाजूंना फिरणारी मोठी चाके असत. त्यांच्याऐवजी पाण्याखाली मळसूत्र फिरवून नौका चालवण्याची एकस्वे इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि मूळचा स्वीडिश अभियंता जॉन एरिकसन या दोघांनी १८३६ मध्ये स्वतंत्रपणे मिळवली. स्मिथचे पहिले मळसूत्र लाकडी होते आणि त्याला दोन पूर्ण वेढे होते. १८३७ च्या चाचणीत ते कशावर तरी आपटून अर्धे तुटले आणि नौका मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली, तेव्हापासून लांब मळसूत्र मागे पडून आखूड, रुंद पात्यांचा पंखा पुढे आला. ३ एप्रिल १८४५ रोजी ब्रिटिश नौदलाने रॅटलर ही पंख्याची आणि अलेक्टो ही चाकांची अशा जवळपास समान शक्तीच्या दोन युद्धनौका एकमेकींना पाठीमागून बांधून रस्सीखेच घडवली, आणि रॅटलरने अलेक्टोला अडीच नॉटहून अधिक वेगाने उलटे ओढत नेले. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. या प्रसंगाचे वर्णन आजवर मोठ्या कौतुकाने केले जाते, परंतु नौदलाने पंख्याच्या बाजूने निर्णय त्याआधीच घेतलेला होता, आणि मुख्य म्हणजे रस्सीखेचीत कोण जिंकले यावरून मोकळ्या समुद्रात कोण अधिक वेगाने आणि कमी कोळशात जाईल हे कळत नाही. जागच्या जागी ओढण्याचे काम वेगळे आणि वेगाने धावण्याचे वेगळे. बंदरावर आजही दोन पंख्यांची तुलना करताना हाच घोटाळा होतो.

त्या दोन कामांतला फरक समजण्यासाठी पंख्याची दोन मापे पुरेशी आहेत. व्यास म्हणजे पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ आखतात त्याची रुंदी, आणि पिच म्हणजे पाण्याने मुळीच जागा सोडली नसती तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर, लाकडात स्क्रू एका वेढ्याला आट्याइतका आत जातो तसे. ओतीव पंख्याच्या मधल्या गड्ड्यावर हीच दोन मापे इंचांत ठोकलेली असतात, आधी व्यास आणि मग पिच, शिवाय तो उजव्या की डाव्या हाताने फिरणारा आहे हेही. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे पंखा पिचइतका पुढे कधीच जात नाही. ही जी तूट राहते तिला स्लिप, म्हणजे घसर, म्हणतात, आणि ती दोष नसून रेटा निर्माण होण्याची अटच आहे, कारण पाणी मागे ढकलले गेल्याशिवाय नौका पुढे जाणार नाही. रँकिन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताचे सार असे, की तेवढाच रेटा मिळवायचा तर थोडे पाणी फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे कमी शक्तीत होते. म्हणून सावकाश चालणाऱ्या जड नौकेला मोठ्या व्यासाचा, कमी फेऱ्यांचा पंखा फायद्याचा ठरतो.

भारतात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला १९५० च्या दशकात वेग आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे नौकाबांधणीतले तज्ज्ञ येथे आले, ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नींडकर येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, आणि १९५७ मध्ये कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली. मुंबई राज्यात मात्र नव्या नौका आणण्यापेक्षा आहे त्याच मचव्यांत इंजिन बसवण्याचा मार्ग सोपा होता, आणि सातपाटी, वर्सोवा, वसई, उत्तन या बंदरांत सहकारी संस्थांमार्फत मिळालेल्या कर्जांवर तो झपाट्याने अवलंबला गेला. सुरुवातीला आयात केलेली आणि पुढे देशातच बनलेली डिझेल इंजिने या नौकांत आली. खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, त्यामुळे देशी इंजिनाची कल्पना महाराष्ट्रात अपरिचित नव्हती. इंजिनाबरोबर जो पंखा मिळे तो बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून निवडलेला असे, आणि ते तक्ते मोकळ्या समुद्रात ठरावीक वेगाने जाणारी, ठरावीक वजनाची नौका गृहीत धरून केलेले असत. पाणी फिरण्याआधी पोहोचायचे, मग इंजिन मंद ठेवून दोरांच्या जंजाळात तासभर घुटमळायचे, आणि शेवटी तीन-चार टन मासळी घेऊन बाजाराची वेळ गाठायची, हा डोलीचा दिनक्रम कोणत्याच तक्त्यात नव्हता.

एका नौकेचा हिशेब जवळून पाहिला तर ही ओढाताण स्पष्ट होते. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल आणि तिनास एक या प्रमाणाचा रिडक्शन गिअर, म्हणजे फेरे कमी करणारी दंतचक्रांची पेटी, मध्ये असेल, तर पंखा मिनिटाला ६०० फेरे घेईल. त्याचे पिच २० इंच असल्यास मिनिटाला १००० फूट, तासाला ६०,००० फूट, म्हणजे जवळजवळ १० नॉट हा त्याचा कागदी वेग. प्रत्यक्षात नौका सात नॉटने जात असेल तर घसर तीस टक्क्यांच्या आसपास झाली, आणि अशा जड लाकडी नौकेला ती रास्तच आहे. आता जाताना नौका रिकामी असते आणि येताना भरलेली. रिकाम्या नौकेला शोभेल एवढे मोठे पिच घेतले तर भरल्या नौकेत इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत चढत नाही, धुराड्यातून काळा धूर निघतो, डिझेल अर्धवट जळते आणि इंजिन तापते. भरल्या नौकेच्या मानाने पिच कमी घेतले तर जाताना इंजिन उगाच घोंगावते आणि वेग मिळत नाही. तांडेल आणि इंजिनचालक पंख्याची पारख धुराच्या रंगावरून आणि इंजिनाच्या आवाजावरून करत आले ते यामुळेच, आणि ही पारख अडाणी समजण्याचे कारण नाही, कारण पूर्ण भारात इंजिन ठरलेले फेरे गाठते की नाही हीच कसोटी नौकाशास्त्राचे ग्रंथही सांगतात. डोलीच्या नौकांनी बहुधा भरल्या नौकेच्या बाजूने कौल दिला. मासळी वेळेवर पोहोचली नाही तर जातानाच्या वेगाचा काय उपयोग?

यांत्रिक ट्रॉलर जेव्हा याच समुद्रात उतरले तेव्हा पंख्याची गणिते अगदी दुसऱ्या टोकाला गेली. ट्रॉलर म्हणजे तळावरून पिशवीवजा जाळे ओढत नेणारी नौका. ओढताना तिचा वेग दोन-तीन नॉटच असतो पण रेटा प्रचंड लागतो, तेव्हा तिला मोठा व्यास, रुंद पाती आणि लहान पिच हवे. पंख्याभोवती आखूड नळीसारखे कडे बसवून हा रेटा आणखी वाढवण्याची युक्ती जर्मन अभियंता लुडविग कोर्ट याच्या नावाने १९३० च्या दशकापासून ओळखली जाते आणि ट्रॉलरांना ती मानवते. डोलीच्या नौकेला मात्र असे कडे म्हणजे दोर आणि कचरा अडकायला आणखी एक जागा. ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातल्या संघर्षातून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ट्रॉलिंगवर निर्बंध घातले गेले. दोन्ही नौकांत एकाच कंपनीचे, एकाच शक्तीचे इंजिन असले तरी एकीचा पंखा काढून दुसरीला लावता येत नाही, ही गोष्ट जुन्या मालाच्या बाजारात स्वस्त पंखा शोधणाऱ्यांना अनुभवाने कळत गेली; माझगावजवळच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचे आणि नौकांचे सामान विकले जाते, त्यात पंखेही असतात आणि त्यांच्यावरची मापे कधी झिजलेली, कधी दुरुस्तीत बदललेली असतात.

१९७३ च्या तेलसंकटानंतर डिझेलचा खर्च हा मासेमारीतला सर्वांत जाचक खर्च ठरू लागला आणि तेव्हा कुठे पंख्याकडे तज्ज्ञांचे लक्ष गांभीर्याने वळले. अन्न व कृषी संघटनेच्या बंगालच्या उपसागर कार्यक्रमासाठी ओयविंद गुलब्रांडसेन या नौकाशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये लहान मासेमारी नौकांचा इंधनखर्च कमी करण्यावर एक पुस्तिका लिहिली. तिचा रोख असा, की फार शक्तीचे इंजिन घेऊ नये, रिडक्शन गिअरचे प्रमाण वाढवून पंखा मोठा आणि सावकाश करावा, आणि सर्वांत आधी वेग थोडा कमी करावा. यामागचे गणित निर्दय आहे. लागणारी शक्ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फेरे दहा टक्क्यांनी कमी केले तर लागणारी शक्ती एक चतुर्थांशाहून अधिक घटते. परंतु बंदरात जो आधी पोहोचतो त्याच्या मासळीला पहिला भाव मिळतो, आणि शेजारच्या नौकेने इंजिन बदलून मोठे घेतल्यावर आपण फेरे कमी करावेत हे पटणे कठीण. उत्तनच्या काय किंवा अर्नाळ्याच्या काय, कोणत्याही किनाऱ्यावर पुस्तिकेपेक्षा शेजारच्या नौकेचा पाठलाग अधिक प्रभावी ठरला. शिवाय मोठा पंखा बसवायचा तर पिछाडीची ती सुताराने ठरवलेली पोकळी आड येई.

बाहेर टांगायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, हा या इतिहासातला वेगळा प्रवाह आहे. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन आणि त्याच्यामागोमाग १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांनी ते बाजारात आणले, जपानच्या यामाहाने आपले पहिले आउटबोर्ड १९६० मध्ये काढले, आणि १९८० च्या दशकात केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर रॉकेलवर चालणारी जपानी आउटबोर्डे हजारो होड्यांवर दिसू लागली. त्याच सुमारास पारंपरिक होड्यांना मोटर बसवण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदानही मिळू लागले. वसई-भाईंदरच्या परिसरात डोलीच्या मोठ्या नौकांनी आतले डिझेल इंजिन सोडले नाही, पण किनाऱ्यालगत वावरीसारखी लहान जाळी टाकणाऱ्या आणि खाडीत ये-जा करणाऱ्या होड्यांना आउटबोर्ड सोयीचे पडले, कारण उथळ पाण्यात ते वर उचलता येते, अडकलेला दोर होडीत बसूनच काढता येतो, आणि रात्री घरी नेऊन ठेवता येते.

या लहान पंख्याची निवड मोठ्यापेक्षा सोपी असेल असे वाटते, पण होते उलटेच. आउटबोर्डाचा व्यास पाण्याखालच्या गिअरपेटीने आणि तिच्यावरच्या आडव्या पत्र्याने जवळपास बांधून टाकलेला असतो, तेव्हा निवडायला उरते ते मुख्यतः पिच आणि पात्यांची संख्या. कारखान्यातून येणारा पंखा हलक्या, पाण्यावर तरंगत सुटणाऱ्या सैरसपाट्याच्या बोटीसाठी असतो: इंजिनाचे ५५०० फेरे, गिअरचे प्रमाण साधारण दोनास एक आणि पिच नऊ इंच धरले तर कागदी वेग वीस नॉटच्या वर जातो. जाळी, बर्फ आणि चार माणसे घेतलेली रुंद होडी सात नॉटच्या पुढे सरकत नाही, इंजिन पाच हजारांच्या आसपासच धापा टाकते, आणि दोन-तृतीयांशाच्या आसपास घसर सोसूनही रेटा पुरेसा मिळत नाही. पिच एक इंच कमी केल्यास इंजिनाचे साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात असा ढोबळ आडाखा आहे. त्यानुसार दोन-तीन इंच कमी पिचचा, रुंद पात्यांचा पंखा लावला की इंजिन आपल्या नेमल्या फेऱ्यांवर येते, वेग कमी झाला असे वाटते पण भरल्या होडीचा वेग प्रत्यक्षात वाढतो. तीनऐवजी चार पात्यांचा पंखा थोडा वेग घालवतो आणि लाटांत पकड देतो. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त आणि खडकावर आपटला तर वाकणारा, स्टेनलेस स्टीलचा पातळ पात्यांमुळे अधिक कार्यक्षम पण आघात थेट गिअरपर्यंत पोहोचवू शकणारा. हा धोका टाळण्यासाठी गड्ड्यात रबराची बुश किंवा मुद्दाम मऊ धातूची खीळ घालतात, जी आधी निकामी होऊन महागडा भाग वाचवते. उत्तनच्या खडकाळ किनाऱ्याजवळ वावरणाऱ्याला स्वस्त, वाकून सरळ करता येणारा पंखाच शहाणपणाचा, मग तक्ता काहीही सांगो.

दोन पंख्यांची प्रत्यक्ष तुलना करायची तर वसईची खाडी ही फसवी प्रयोगशाळा आहे. उधाणाच्या दिवशी येथला प्रवाह होडीच्या वेगात सहज दोन नॉटांची भर घालतो किंवा तूट आणतो, आणि १९९० च्या दशकानंतर जीपीएस यंत्रे आली तेव्हा ती जमिनीच्या मानाने वेग दाखवत असल्यामुळे ओहोटीबरोबर बाहेर पडताना लावलेला नवा पंखा प्रत्येकालाच उत्तम वाटू लागला. नौदलाची जुनी रीत अशी, की मोजलेल्या अंतरावर प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध अशा दोन्ही फेऱ्या लागोपाठ घ्याव्यात आणि दोन वेगांची सरासरी काढावी. प्रवाहाबरोबर नऊ नॉट आणि विरुद्ध पाच नॉट आले तर खरा वेग सात. येथे एक बारीक चूक हटकून होते: एकूण अंतर भागिले एकूण वेळ असा हिशेब केला तर उत्तर साडेसहाच्याही खाली येते, कारण विरुद्ध फेरीला वेळ जास्त लागतो आणि तिचे वजन सरासरीत अवाजवी वाढते. वजन तेच, इंधन तेवढेच, तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर सारखाच, आणि इंजिनाचे फेरे नोंदवलेले, एवढे पाळले तरच दोन पंख्यांतला फरक कळतो. नाहीतर कळतो तो पाण्यातला फरक.

खाडीच्या आतल्या बाजूला पंख्याचा शत्रू वेगळा होता. भाईंदर, घोडबंदर आणि नागला बंदर या टापूत रेतीचा धंदा कित्येक पिढ्या चालला. आधी डुबी पद्धतीने, म्हणजे माणसाने बुडी मारून बादलीने रेती काढण्याच्या रीतीने, आणि पुढे सक्शन पंपांनी, ज्यांच्यावर नंतर बंदी आली. काठोकाठ भरलेल्या, पाण्यात जवळजवळ बुडालेल्या रेतीच्या नौकेला वेगाचा विचारच नव्हता, तिला हवा होता जड, जाड पात्यांचा, लहान पिचचा पंखा. आणि रेतीमिश्रित पाण्यात पात्यांच्या कडा घासून पातळ होत, शाफ्टचे बुश सैल पडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये सुरू झालेली वाहने नेणारी रो-रो सेवा याच गढूळ पाण्यातून जाते.

पंखा झिजतो, वाकतो आणि गंजतो. मँगनीज ब्राँझ, म्हणजे तांबे-जस्ताच्या मिश्रणात मँगनीज आदी धातू मिसळून केलेला मिश्रधातू, समुद्राच्या पाण्यात चांगला टिकतो, पण लोखंडी शाफ्टाजवळ तो राहिला की खाऱ्या पाण्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होऊन लोखंड झिजते, म्हणून जवळपास जस्ताचे तुकडे ठोकतात आणि ते स्वतः झिजून इतरांना वाचवतात. पावसाळ्यात, जून-जुलैच्या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात तेव्हा पंखा काढून पाहण्याची संधी मिळते: पात्यांच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर पंखा शक्तीच्या मानाने लहान आहे असे समजावे. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्याच्या पाठीवर पाण्याचा दाब इतका उतरतो की पाणी थंडपणीच वाफेचे बुडबुडे सोडते आणि ते फुटताना धातू खरवडतात. १८९० च्या दशकात वेगवान युद्धनौकांच्या आणि चार्ल्स पार्सन्सच्या टर्बिनिया या नौकेच्या चाचण्यांत ही घटना प्रथम नीट ओळखली गेली. वाकलेले पाते तापवून, ठोकून सरळ करता येते, पण तिन्ही पात्यांचे पिच पुन्हा सारखे झाले की नाही हे मोजल्याशिवाय लावलेला पंखा नौकेला थरथर आणतो आणि बुश खातो. दुरुस्त करणाऱ्याच्या हातोडीतून माप अर्धा-एक इंच इकडेतिकडे होते, गड्ड्यावरचा आकडा मात्र जुनाच राहतो.

अलीकडच्या काळात या यादीत प्लास्टिकची भर पडली आहे. नायलॉनचे दोर आणि जाळी आल्यापासून डोलीचा टिकाऊपणा वाढला, पण तुटलेला सण किंवा काथ्या कुजून जात असे, नायलॉन मात्र पाण्यात वर्षानुवर्षे न कुजता टिकून राहते, आणि महानगराच्या नाल्यांतून येणाऱ्या पिशव्यांबरोबर ते शाफ्टाभोवती असे घट्ट गुंडाळले जाते की घर्षणाने वितळून धातूला चिकटते. आतल्या इंजिनाच्या नौकेत अशा वेळी इंजिन बंद करून, नांगर टाकून, एका खलाशाला कोयता घेऊन पाण्यात उतरावे लागते. नौका लाटांवर वर-खाली होत असताना पिछाडीखाली डोके घालून एका हाताने पाते धरायचे आणि दुसऱ्याने वेढे कापायचे. पात्यांची संख्या आणि आकार निवडताना या प्रसंगाचा विचार कोणत्याही तक्त्यात नसतो, परंतु रुंद टोकांच्या पात्यांपेक्षा मागे झुकलेल्या कडांचे पाते दोर सहज झटकते हे मच्छीमारांना ठाऊक आहे.

इंजिन आणि पंखा यांनी मिळून जे अंतर आवाक्यात आणले त्याचे परिणाम मासळीच्या बाजारापुरते राहिले नाहीत. शिडाच्या काळात डोलीच्या कवी, म्हणजे जाळी जखडण्याच्या ठरलेल्या जागा, किनाऱ्यावरचे डोंगर आणि चर्चचे मनोरे दिसतील एवढ्या टापूतच असत, कारण खुणा जुळवून जागा सापडायची होती आणि त्याच भरतीला परतायचेही होते. उत्तन, वसई आणि अर्नाळ्याच्या नौका मोठ्या झाल्या, बर्फ घेऊन दोन-तीन दिवस बाहेर राहू लागल्या, तशा कवी पश्चिमेला आणि उत्तरेला खोल पाण्यात सरकत गेल्या, आणि तेथे पालघर-डहाणूकडच्या, तरंगत्या दालदी जाळ्यांनी पापलेट-घोळ पकडणाऱ्या मच्छीमारांशी त्यांची गाठ पडली. प्रवाहाबरोबर वाहत जाणारे दालदी जाळे रोवलेल्या कवीवर अडकले की फाटते. आपल्या हद्दीत कवी मारल्या जातात ही सातपाटीकडची तक्रार आणि समुद्राला हद्द कसली हे दक्षिणेकडचे उत्तर यांतून सुरू झालेला वाद गेली काही दशके मत्स्यव्यवसाय विभागाच्या बैठकांत, संस्थांच्या समझोत्यांत आणि अधूनमधून समुद्रातल्या हाणामारीतही दिसत आला आहे. कवीवर जाणाऱ्या नौकेला आता भरल्या वजनाने पूर्वीच्या कित्येक पट अंतर कापून परतायचे असते, त्यामुळे डिझेलच्या टाक्या वाढल्या, नौकेचे वजन वाढले, आणि लांब पल्ल्यावर इंधन वाचवणारा मोठा, सावकाश पंखा, जो १९८६ च्या पुस्तिकेने सुचवला तेव्हा फारसा कोणाला रुचला नव्हता, नव्या नौका बांधताना पिछाडीची पोकळी मोठी ठेवून बसवून घेणे मालकांच्या हिशेबात बसू लागले.